खसखशीएवढा उंचवटा

आमच्या गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणायचे, आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. माझं धुलाई-इस्त्रीचं दुकान खाली आणि तिचं काम माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे घेऊन तिच्याकडे पाठवायचे. ती प्लास्टरचा जबडा करायची, त्यावर मेणात दात लावायची आणि गुलाबी हिरड्यांसकट कवळी तयार करून परत धाडायची. तिच्या फळीवर असे जबडे रांगेने मांडलेले असत. गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांची तोंडं मी फळीवर बंद करून ठेवलीयेत, असं ती मला सांगायची. बाई कुसकट होती. मला कुसकट माणसं बरी वाटतात, निदान ती उगाच गोड बोलत नाहीत.

तिच्याबरोबर राहायची ती मास्तरीण. तलावावर लहान-मोठ्यांना पोहायला शिकवायची. उंच, रुंद खांद्यांची आणि बोलायला सरळसोट. तलावावर तिला कधी कुणी ओरडताना ऐकलं नाही. खोटं बोललेल्या पोराला ती पाण्याबाहेर काढायची, आणि मग त्याच्या बापाने येऊन कितीही गयावया केली तरी त्या पोराला परत घ्यायची नाही. त्यावर चर्चा नसायची. मला तिचा थोडा धाक वाटायचा, आणि माझा धाक बसलेली माणसं गल्लीत बरीच आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्यांची ओळखही धंद्यातूनच झाली. पाय मारायला शिकणाऱ्या एका मुलाची टाच मास्तरणीच्या तोंडावर बसली आणि तिचे पुढचे दात गेले. उरलेले पुढच्या काही वर्षांत हिरड्यांच्या दुखण्याने गेले. कवळीवालीला तिचा आधी जबडा भेटला, माणूस नंतर. जबडा आवडला, असं ती म्हणायची. एकसारखे सरळ दात खोटे दिसतात असं तिचं मत, म्हणून तिने पुढचा एक दात मुद्दाम जरासा तिरका बसवला. मास्तरीण ती कवळी घालून तणतणत जिना चढली, माझा दात वाकडा कुणी केला म्हणून. वर बराच वेळ आवाज चालला होता, मग थांबला. काही दिवसांनी ती ट्रंक घेऊनच आली. त्याला वीस-बावीस वर्षं होऊन गेली.

गल्लीने त्यांना मैत्रिणी म्हणायचं ठरवलं. असं सगळ्यांनी मिळून एखादी गोष्ट न बघायचं ठरवलं की फार सोयीचं असतं, कुणालाच काही करावं लागत नाही. मला न बघून चालण्यासारखं नव्हतं, कारण त्यांच्या चादरी माझ्याकडे यायच्या. मी घड्या घालून द्यायचे आणि माझं तोंड बंद ठेवायचे. कवळीवाली तेवढ्यावर खूश होती. मास्तरीण नव्हती.

मास्तरणीला लग्न करायचं होतं. दुसऱ्या एका देशात बायका-बायकांच्या लग्नाचा कायदा झाला तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं. तिकडे जाऊन करून येऊ म्हणाली. कवळीवालीने हसण्यावारी नेलं. मग दरवर्षी तलावाची सुट्टी लागली की मास्तरीण पुन्हा विचारायची, आणि ही दरवर्षी नवीन कारण काढायची. खरं कारण मला माहीत होतं. आपल्या हातचे दात लोक तोंडात घालतात, आणि उद्या आपल्याविषयी उघड कळलं तर त्यांना किळस येईल, डॉक्टर काम द्यायचे बंद होतील, ही भीती तिच्या पोटात बसली होती. भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. लोक कसे असतात ते त्यांचे मळके कपडे धुणाऱ्याला विचारावं.

पुढे आपल्याकडेही त्या कायद्याची भाषा सुरू झाली. मास्तरीण फलक घेऊन सभेला गेली आणि ही खिडक्या लावून घरात बसली. त्या संध्याकाळी माझ्या छतावर मोठं भांडण झालं. मला शब्द सगळे कळत होते, मी इस्त्री थांबवून ऐकत होते. मास्तरीण म्हणत होती, उद्या मला काही झालं तर तू माझी कोण? आणि कवळीवाली म्हणत होती, तुला काय होणारे, बैलासारखी तर आहेस.

मला स्वतःला लग्नाचं कौतुक नाही. माझा नवरा मागच्या खोलीत टीव्हीपुढे बसलेला असतो आणि आमचं बोलणं मिठाच्या डब्यापलीकडे जात नाही. पण तो आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसायचा मला पूर्ण हक्क आहे. इच्छा नाही, हक्क आहे. वर त्या दोघींचं नेमकं उलटं होतं. कुणाला लग्नाचा हक्क असावा यावर लोक तावातावाने बोलतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमची ही दोन घरं येतात, एक खालचं आणि एक वरचं, आणि मला शिव्या द्याव्याशा वाटतात.

मास्तरणीला तलावाच्या काठावर झटका आला. शिकायला आलेल्या बायकांनी तिला सावरलं म्हणून ती पाण्यात गेली नाही. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. कवळीवाली हातावरचं प्लास्टर न धुता दवाखान्यात धावली. तिथे नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ती म्हणाली, मैत्रीण. इतक्या वर्षांची सवय होती, दुसरा शब्द तोंडात आलाच नाही. नर्स म्हणाली, मग जवळच्या नातेवाइकांना बोलवा. आणि मास्तरणीच्या भावाचा नंबर हिनेच शोधून दिला.

भावाचं नळ आणि बेसिनचं मोठं दुकान होतं. बहिणीशी त्याचं येणंजाणं नव्हतं, पण झटका आला म्हटल्यावर बायकोला घेऊन लगेच आला. त्याच्यात वाईट म्हणावं असं काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याने डॉक्टरांना सगळं नीट विचारलं, कागदांवर सह्या केल्या आणि बरं वाटू लागल्यावर बहिणीला आपल्या घरी नेलं. सगळं कर्तव्य म्हणून. कवळीवाली दवाखान्याच्या बोळात बाकावर बसून होती, आणि डॉक्टर तिच्यापुढून जाऊन त्याच्याशी बोलत होते.

मग त्याची बायको, मास्तरणीची वहिनी, कपडे न्यायला आली. तिचं कपाट कुठलं, असं तिने विचारलं. घरात कपाट एकच होतं. वहिनीने ते उघडलं आणि मोठ्या मापाचे कपडे मास्तरणीचे असं समजून बाजूला काढले. कवळीवालीचा एक जाड स्वेटरही त्यात गेला, तो तिने अडवला नाही. जाताना वहिनी म्हणाली, तुम्हाला आता दुसरी कुणी भाडेकरू बघावी लागेल. हे तिने काळजीने म्हटलं, टोमणा म्हणून नाही.

त्यानंतर कवळीवाली भावाच्या दारात किती खेपा घालून आली ते मी मोजलं नाही. कधी ती झोपलेली असायची, कधी डॉक्टरांनी माणसं नको म्हणून सांगितलेलं असायचं. एकदा भाऊ स्वतः बाहेर आला आणि मागे दार ओढून घेतलं. म्हणाला, ताई, तुम्ही तिच्यासाठी खूप केलंत, आता घरची माणसं आहेत. ती वकिलाकडे गेली. वकील म्हणाला, कायद्याच्या दृष्टीने त्या तुमच्या घरात राहत होत्या, बाकी काही नाही. मी तिला म्हटलं, त्या भावाच्या दारात बसून बोंब मार, सगळ्या आळीला कळू दे. ती म्हणाली, कळलं तर मग तो कधीच आत घेणार नाही.

शेवटी दार उघडलं ते कवळीमुळे. मास्तरीण वाळली, हिरड्या बसल्या, गालाची एक बाजू लोंबली. कवळी तोंडात हलायला लागली, घास बाहेर यायला लागला. तिकडच्या डॉक्टरने सांगितलं की ज्याने केलीये त्याच्याकडूनच बसवून घ्या, काम फार चांगलं आहे. वहिनीने फोन केला. आमच्याकडे दातांचं काम आहे, असं म्हणाली. नळ गळतोय म्हणून माणूस बोलवावा तसा.

मास्तरणीला मागच्या खोलीत ठेवलं होतं. पूर्वी तिथे दुकानातली नमुन्याची बेसिनं लावलेली असायची, त्यातली काही अजून भिंतीवर होती, कशालाच पाणी नव्हतं. कवळीवालीला हात धुवायला स्वयंपाकघरात जावं लागलं. परत आली तेव्हा वहिनी हाताची घडी घालून दारात उभी होती. मास्तरीण खुर्चीत होती, अंगात हिचा स्वेटर होता. तिने हिला बघितलं आणि तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. वहिनी म्हणाली, झटक्यानंतर असं होतं, उगाच रडतात.

हात हातात घेता येत नव्हता. जवळ बसून दोन शब्द बोलता येत नव्हते. पण तिच्या तोंडात दोन बोटं घालायची मुभा होती, कारण ते काम होतं. कवळीवालीने बोटं घातली आणि हिरड्यांवरून सावकाश फिरवली, वर, खाली, पुन्हा वर. इतका वेळ लागतो का, असं वहिनीने विचारलं. चांगलं करायचं तर लागतो, असं ही म्हणाली.

हे काम कसं असतं ते तिने मला पूर्वीच दाखवलं होतं. कवळीला आतून नवा थर द्यायचा, मग दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावायचं. जिथे निळा ठिपका उठतो तिथे उंचवटा असतो. तो कानशीने घासायचा, पुन्हा चावायला लावायचं, पुन्हा घासायचं. शेवटचा ठिपका गेला की कवळी बसली. खसखशीएवढा उंचवटा जरी राहिला तरी दोन-चार दिवसांत हिरडीला जखम होते आणि माणूस पुन्हा दारात येतो. धंद्यातले काही लबाड लोक तो मुद्दाम ठेवतात, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. अशाच एका लबाडाबरोबर ती पूर्वी भागीदारीत होती, आणि त्याची ही खोड कळल्यावर तिने त्याचं सामान जिन्यावरून खाली फेकलं होतं. माझ्या दुकानापुढे पडलं, म्हणून मला चांगलं आठवतं.

त्या दिवशी मागच्या खोलीत शेवटचा ठिपका उरला होता. डाव्या बाजूला, मागे. हातात कानस होती. वहिनी म्हणाली, झालं का? आणि कवळीवाली म्हणाली, झालं.

चार दिवसांनी फोन आला. दुखतंय तिला, जेवत नाही. ही पेटी घेऊन गेली. जखम झाली होती. हिने मलम लावलं, उंचवटा घासला, आणि उजवीकडे दुसरा ठेवला. त्या आठवड्यात पुन्हा फोन आला. असं चालू झालं. हिच्या चालण्यात जीव आला, केस नीट विंचरायला लागली, जाताना माझ्याकडून कोट दाबून घ्यायची. मला आधी वाटलं, बरंय, भावाला दया आली. मग एकदा तिने मला खरं सांगितलं, त्या कोटाला मी इस्त्री करत असताना.

मी इस्त्री उभी करून ठेवली. तिला म्हटलं, अगं, जिला बोलता येत नाही तिच्या तोंडात तू जखमा करतेस? कुत्र्याला तरी करेल का कुणी असं? ती चिडली नाही. म्हणाली, मी तिला विचारलंय. मी म्हटलं, कसं विचारलंस, वहिनी तर दारात असते. ती म्हणाली, बोट तोंडात असताना नुसतं बघितलं तिच्याकडे, तिला कळतं, तिने बोट चावलं.

“चावलं म्हणजे हो की नाही?” मी विचारलं.

“पूर्वी तरी हो असायचं,” ती म्हणाली.

मला हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली. तिला थांब म्हणायचं माझ्या जिवावर आलं, आणि चालू ठेव म्हणणंही शक्य नव्हतं. मी कोट घडी करून दिला. ती गेली.

तेव्हा कायदा सभागृहात आला होता. सगळीकडे तेच. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर मत होतं. एका बाईने मला सांगितलं की तिची हरकत नाही, फक्त त्याला लग्न म्हणू नये, दुसरं काहीतरी नाव द्यावं. मी तिला म्हटलं, तुमच्या लग्नाला तरी आपण दुसरं नाव देऊ या का, तुमच्या घरातले आवाज मी ऐकलेत. ती आता दुसरीकडे कपडे टाकते.

भावाच्या घरीही पुढच्या खोलीत टीव्हीवर तीच चर्चा चालू असायची. एका खेपेला भाऊ घरी होता. तो मागच्या खोलीत आला आणि बेसिनला टेकून उभा राहिला. कवळीवालीच्या एका हातात कवळी होती, दुसऱ्या हातात कानस. मास्तरीण समोर खुर्चीत. भावाने बोलायला सुरुवात केली. म्हणाला, आमचं काही म्हणणं नाही, कुणी कुणाबरोबर राहावं, पण लग्न म्हणजे घराण्याची गोष्ट, ती अशी रस्त्यावर मागायची नसते. ही कानस चालवत राहिली. मग तो म्हणाला, बहिणीचं डोकं मध्यंतरी त्या सभावाल्यांनी फिरवलं होतं, मला माहीत आहे, फोटो बघितला मी, फलक घेऊन उभी होती. त्यात तुम्ही नव्हतात, ते मला आवडलं.

आणि मग त्याने विचारलं. रागाने नाही, अगदी आपुलकीने.

“ताई, तुम्ही समजूतदार आहात म्हणून विचारतो. इतकी वर्षं एका घरात राहिलात. तुम्हाला कधी असलं काही हवं होतं का?”

तिने मला हे सांगितलं तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. तिला कळत होतं की हो म्हटलं तर पेटी उचलून बाहेर पडावं लागेल आणि ते दार पुन्हा उघडणार नाही. मास्तरणीचे डोळे तिच्यावर होते. चांगला डोळा आणि लोंबलेला डोळा, दोन्ही.

“नाही,” ती म्हणाली. आणि भाऊ अजून बघतच होता म्हणून पुढे म्हणाली, “आम्ही नुसत्या एकत्र राहत होतो. भाडं परवडायचं नाही एकटीला.”

भाऊ खूश झाला. बहिणीच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, ऐकलंस ना, मी काय सांगत होतो. आणि पुढच्या खोलीत निघून गेला.

कवळीवालीने कवळी पुसली आणि म्हणाली, आ कर. मास्तरणीने तोंड उघडलं नाही. ही पुन्हा म्हणाली. ओठ मिटलेलेच. तिने बोट ओठांना लावलं तर मास्तरणीने मान वळवली. वहिनीला वाटलं जबडा आखडला, म्हणून तिने वाटीतलं पातळ चमच्यात घेऊन पुढे केलं. ते तोंड लगेच उघडलं, गिळलं, आणि दुसऱ्या चमच्यासाठी पुन्हा उघडलं. मग हिने कवळी पुढे केली, तर मिटलं. वहिनी म्हणाली, जाऊ द्या ताई, तिला दातच नको झालेत, इतक्या वेळा दुखलंय, पातळावर भागेल आता. तुम्ही तरी किती खेपा घालणार.

कवळी त्यांनी रुमालात गुंडाळून हिच्या हातात दिली. ती तिने फळीवर ठेवली, पुढाऱ्यांच्या जबड्यांशेजारी. मला म्हणाली, हिरड्या सुजल्या असतील, म्हणून तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, असेल. सुजलेल्या हिरड्यांचं तोंड चमच्याला उघडतं आणि बोटाला उघडत नाही, यावर मला बोलता आलं असतं, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

कायदा झाला. रस्त्याने गाड्या भोंगे वाजवत गेल्या, पोरं-पोरी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. माझ्या नवऱ्याने खिडकी लावून घेतली, बातम्या ऐकू येत नाहीत म्हणाला. मी तशीच वर गेले. ती दिवा न लावता मेण वितळवत बसली होती. मी म्हटलं, आता काय बघतेस, वकिलाकडे जा. ती गेली. वकिलाचा सूर पूर्ण बदलला होता. म्हणाला, माणूस आजारी असेल तर नोंदणी अधिकारी घरी येतात, बोलता येत नसेल तर मानेने सांगितलेलं चालतं, फक्त समज असली पाहिजे. आणि घरच्यांना ते अडवता येत नाही. एकदा लग्न लागलं की तुम्ही त्यांना तिथून घरी घेऊन या, कुणाच्या बापाला विचारायची गरज नाही.

तिने जिना धुऊन काढला, पलंग खिडकीपाशी ओढला, खुर्चीला चाकं बसवून घेतली. साक्षीदार म्हणून मला चल म्हणाली. मी बऱ्यापैकी साडी नेसले आणि तिचा तो कोट मी स्वतः दाबला.

नोंदणी अधिकारी एक तरुण बाई होत्या, सर्दीने बेजार, सारखा रुमाल नाकाला. पण काम पक्कं. भाऊ दारात आडवा आला तेव्हा त्यांनी आवाज न चढवता त्याला बाजूला व्हायला सांगितलं, आणि तो झाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो हिच्याकडे बघून एवढंच म्हणाला की तुम्ही माझ्या घरात येऊन माझ्याशी खोटं बोललात. खोटं तर होतंच ते.

मागच्या खोलीत आम्ही सगळे उभे राहिलो, त्या कोरड्या बेसिनांच्या मध्ये. मास्तरीण मला ओळखू आली नाही. दात नसलेलं तोंड आत गेलं होतं आणि ती माझ्या आईएवढी म्हातारी दिसत होती. पण नजर तीच होती, तलावावरची. अधिकारी बाई तिच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. आधी तिला साधे प्रश्न विचारले. हे तुमच्या भावाचं घर आहे का? तिने मान खाली-वर केली. तुम्ही शिक्षिका होतात का, गाणं शिकवायचात का? गाण्याला तिने आडवी मान हलवली. ह्या बाईंना तुम्ही ओळखता का? मान खाली-वर. समज चोख होती, कुणालाही शंका राहिली नाही.

मग बाई कवळीवालीला म्हणाल्या, तुम्हाला स्वतः विचारायचंय का? बऱ्याच जणांना तसं आवडतं.

भाऊ, वहिनी, मी, सगळे हिच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, “तुम्हीच विचारा. मला जमायचं नाही.”

बाईंनी विचारलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ह्यांच्याशी लग्न करायची तुमची इच्छा आहे का?

मास्तरणीने हिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं आता रडेल. मग तिने मान हलवली, डावीकडे आणि उजवीकडे, सावकाश, जेवढी त्या आखडलेल्या मानेला हलवता येत होती तेवढी पूर्ण. बाईंनी खात्री करायला उलटा प्रश्न केला. म्हणजे तुम्हाला हे लग्न नको आहे? मान खाली-वर झाली. त्यात जराही अडखळ नव्हती.

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि बॅग बंद केली. म्हणाल्या, मन बदललं तर पुन्हा अर्ज करता येतो. भावाने, कधी नव्हे तो, चहा टाकायला सांगितला, आणि तो कुणीही घेतला नाही. कवळीवाली पुढे झाली आणि तिने मास्तरणीच्या अंगातला तो स्वेटर गळ्यापाशी नीट केला. मास्तरणीने अडवलं नाही. फक्त खिडकीकडे बघत राहिली.

रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. मला मास्तरणीचा भयंकर राग आला होता. मी म्हटलं, एवढी वर्षं जिने काढली तुझ्याबरोबर, तिला तुझी एक चूक पोटात घालता आली नाही? माणूस आहे की दगड? कवळीवाली चालत राहिली. कोपऱ्यापर्यंत आल्यावर थांबली.

“दरवर्षी ती विचारायची,” ती म्हणाली. “मी एकदाही विचारलं नाही. आज ती समोर होती, कायदा झालेला होता, बाई स्वतः म्हणाल्या की तुम्ही विचारा. तरी मी विचारलं नाही.”

खोटं बोलून धीर देणं मला कधी जमलं नाही, आणि खरं ती स्वतःच बोलून गेली होती. आम्ही दोघी तशाच घरापर्यंत चालत आलो.